नाशिकच्या वहीत आपले नाव

आपल्या बेटावरील मराठी घरांतून काही वाक्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली असतात. ती पहिल्यांदा कोणी उच्चारली, हे कोणालाच ठाऊक नसते. आमच्या घरातही असे एक वाक्य होते. आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की म्हणायची, "आपलं नाव नाशिकला गंगेवर वहीत लिहिलेलं आहे." नाशिक कोठे आहे हे लहानपणी आम्हांला माहीत नव्हते. गंगा म्हणजे आपला गंगा तलाव, एवढेच कळत होते. तेव्हा तलावाकाठच्या देवळात एखादी मोठी वही असेल आणि तिच्यात आपले नाव असेल, अशी आम्हा भावंडांची समजूत होती.

आजी गेली आणि ते वाक्य आईने उचलले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आईही गेली. शेवटच्या दिवसांत तिने ताईला जवळ बसवून सांगितले, "अर्ध्या अस्थी इथल्या समुद्रात सोडा. अर्ध्या नाशिकला न्या, आणि तेवढं नाव बघून या." आईची इच्छा मोडणे शक्य नव्हते. डिसेंबर २०२४ च्या शाळेच्या सुट्टीत ताई, तिची पंधरा वर्षांची मुलगी, धाकटा बंधू आणि आम्ही उभयता असे पाच जण नाशिकला गेलो. त्या यात्रेची ही हकिकत आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच एखादे वाक्य असेल, म्हणून ती येथे देत आहोत.

पहिली वही मोका येथे

निघण्यापूर्वी आम्ही मोका येथे महात्मा गांधी संस्थेत गेलो. कंत्राटी मजूर म्हणून आपल्या बेटावर आलेल्या भारतीयांची नोंदपुस्तके तेथे जतन करून ठेवली आहेत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय येथे उतरले. बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव व जिल्हा लिहिला जाई. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपण शाळेच्या मुलांना दाखवतो, त्या चढून गेल्यावर माणसाला हा क्रमांक चिकटत असे.

आमच्या खापरपणजोबांची नोंद सापडली. ते १८६४ साली मुंबई बंदरातून आले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. जिल्हा रत्नागिरी. आडनाव नाही. आपल्याकडे बहुतेकांचे असेच झाले आहे. भिवाजी, रामजी, सखाराम ही बापाची किंवा आज्याची नावेच पुढे आडनावे झाली आणि खरे आडनाव कोकणातच राहिले. गावाच्या रकान्यात कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. शिवाय शाई पसरलेली होती. ते वेरळ वाचावे की वेरवली, हे आम्हांला ठरवता येईना. वेरळ नावाचे गाव खेड तालुक्यात आहे, लांजे तालुक्यातही आहे, आणि वेरवली लांज्याकडचीच. एवढे एक धूसर नाव गाठीशी बांधून आम्ही विमानात बसलो.

घाट चढून

मुंबईहून नाशिकचा रस्ता कसारा घाटाने सह्याद्री चढतो. हा डोंगर आपल्या पूर्वजांच्या कोकणातही पाठीशी उभा असतो, म्हणून आम्ही तो डोळे भरून पाहिला. घाटाच्या खाली पडलेला पाऊस अरबी समुद्रास मिळतो. त्याच समुद्राने आपले लोक बोटीत बसून गेले. घाटाच्या वर, त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तेथून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. भूगोलाच्या तासाला हे आम्ही मुलांना सांगतो, परंतु डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा अर्थ निराळाच वाटला.

नाशिकला उतरल्यावर रिक्षावाल्याने विचारले, "गंगेवर सोडू का?"

भाचीने आमच्याकडे पाहिले. "मामा, इथेसुद्धा गंगा?"

होय, येथेसुद्धा. नाशिकची माणसे गोदावरीला बोलताना गंगाच म्हणतात. यामागची कथा अशी आहे की दुष्काळाच्या काळात गौतम ऋषींच्या शेतात एक गाय शिरली. तिला हाकलण्यासाठी त्यांनी दर्भाची काडी टाकली आणि गाय मरण पावली. त्या पातकातून सुटण्यासाठी ऋषींनी शंकराची आराधना करून गंगेला ब्रह्मगिरीवर आणले. म्हणून गोदावरीचे दुसरे नाव गौतमी. आजीचे "नाशिकला गंगेवर" हे शब्द आम्ही इतकी वर्षे भूगोलाची चूक समजत होतो. रिक्षावाल्याच्या एका प्रश्नाने ती चूक आमची ठरली. आजीच्या तोंडी खुद्द नाशिकची बोली होती. ती तिला कोणाकडून तरी मिळालेली असली पाहिजे, या विचाराने आमची आशा वाढली.

रामकुंडावर

पंचवटीतील रामकुंड म्हणजे नदीच्याच पात्रात बांधून काढलेले कुंड. वनवासात असताना श्रीरामाने दशरथ राजाचे श्राद्ध येथे केले, अशी श्रद्धा आहे. याच कुंडात अस्थिविलय तीर्थ आहे, आणि तेथे सोडलेल्या अस्थी पाण्यात विरघळून जातात असे भाविक मानतात. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला म्हणजे येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. मागचा २०१५ साली झाला, पुढच्याची मुख्य स्नाने २०२७ साली आहेत. काठावरच गंगा-गोदावरीचे एक देऊळ आहे. त्याचे दार केवळ सिंहस्थाच्या काळात उघडते, एरवी ते बंद असते.

पहाटे थंडी मरणाची होती. डिसेंबरात नाशिकला एवढी थंडी असते, हे आम्हा बेटावरच्या लोकांना कोणी सांगितले नव्हते. घाटावर एका माणसाने आम्हांला गाठले, परदेशातून आलेले हे ओळखले आणि विधीसाठी अवाच्या सवा रक्कम सांगितली. धाकटा बंधू संतापला. काठावर निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्याही पाहिल्या, त्यांचेही वाईट वाटले. जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून, दक्षिणा ठरवून मगच विधीला बसावे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. शेवटी आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी ज्यांचे नाव सुचविले होते, त्या वृद्ध उपाध्यायांकडे आम्ही गेलो. ते शांत, मितभाषी गृहस्थ होते.

विधीला बसल्यावर त्यांनी गोत्र विचारले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. ते म्हणाले, "ठाऊक नसलं तरी अडत नाही. गोत्र माहीत नसेल त्याचं काश्यप धरतात." मग आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावे मागितली. आईचे व आजीचे सांगितले. पणजीचे नाव आमच्यापैकी कोणालाच येत नव्हते. ज्या बाईने उसाच्या मळ्यात राबून आमचे आजोबा वाढवले, तिचे नाव तीन शिकलेल्या नातवंडांना सांगता आले नाही. उपाध्यायांनी त्यावरही तोडगा काढून विधी पुढे नेला, पण ताईचे डोळे तेथेच भरून आले. काळे तीळ व दर्भ हातात घेऊन तर्पण झाले, पिंड दिले आणि ताईने आईच्या अस्थी पाण्यात सोडल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही तेथेच उभे होतो.

दुसरी वही

त्याच दुपारी आम्ही उपाध्यायांच्या वाड्यात गेलो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळी असतात, आणि कोणत्या गावचे व कोणत्या कुळाचे यात्रेकरू कोणत्या घराकडे जायचे, हे पूर्वापार ठरलेले असते. घरातून कोणी तीर्थाला आले की त्याचे नाव, बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव लिहायचे आणि आलेल्याने खाली सही करायची. पुढच्या पिढीतील कोणी आले की त्याला ते पान दाखवायचे. माडीवर लाल बासनांत गुंडाळलेल्या लांबट वह्या रचून ठेवल्या होत्या. जुन्या वह्यांतील बराच मजकूर मोडी लिपीत होता. एकेकाळी मराठीचा रोजचा व्यवहार याच लिपीत चाले, हे आम्ही शिक्षकांनी पुस्तकात वाचलेले. ती सहज वाचणारा माणूस आम्ही तेथेच प्रथम पाहिला.

"मूळ गाव?" त्यांनी विचारले.

आम्ही मोक्याच्या नोंदीची प्रत पुढे केली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. खेडकडील वेरळची वही त्यांच्याकडेच निघाली. लांज्याकडील गावांसाठी त्यांनी गल्लीपलीकडच्या दुसऱ्या घरी पाठवले. दोन्ही घरांत मिळून आमचे तीन तास गेले. भाची पानांची छायाचित्रे घेत होती आणि बंधू प्रत्येक नावावर कान टवकारून बसला होता.

आणि एक नाव आले! खेडकडील वेरळच्या एका कुटुंबाच्या नोंदीत, शके १८०२ म्हणजे इसवी सन १८८० साली, आमच्या खापरपणजोबांचेच नाव होते. बापाचे नावही जुळत होते. पुढे लिहिले होते, "परमुलखी." बंधू उठून उभा राहिला. "हेच ते! आजी खरंच सांगत होती."

उपाध्यायांनी चष्मा काढला. म्हणाले, "बसा. हे नाव आणि हे बापाचं नाव कोकणात गावोगाव सापडेल. परमुलखी म्हणजे मुंबईला गेलेलाही असेल. तुमच्या कागदावर आडनाव नाही, गाव पक्कं नाही. मी हे पान तुमचं म्हणून लावणार नाही. एकदा खोटं लावलं की पुढची सगळी वही खोटी."

बंधूने खूप विनवले. एवढ्या लांबून आलो, आईची शेवटची इच्छा होती, असे सारे सांगून झाले. खरे सांगायचे तर आमच्याही मनात आले की लावले असते तर काय बिघडले असते? आपण बेटावर परत जाऊन नाव सापडले असे सर्वांना सांगितले असते, आणि विचारणार कोण होते? पण उपाध्याय बधले नाहीत. त्या क्षणी ते आम्हांला कठोर वाटले. आज वाटते, आमच्या पूर्वजांचा मान त्यांनी आमच्यापेक्षा अधिक राखला.

काळ्या रामाच्या दारात

वाड्यातून खिन्न मनाने बाहेर पडून आम्ही काळाराम मंदिरात गेलो. काळ्या दगडाचे हे भव्य मंदिर पेशवाईच्या उत्तरकाळात सरदार ओढेकरांनी बांधले. दर्शन झाल्यावर आम्ही भाचीला या दाराचा इतिहास सांगितला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुष दारापाशी उभे राहिले. पाच वर्षे लढा चालूनही दार उघडले नाही. ते अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी उघडले स्वातंत्र्यानंतरच.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "मामा, ज्यांना आत येऊच दिलं नाही, त्यांची नावं कुठे लिहिलेली असतील?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, पण त्यानेच आमचे मन ताळ्यावर आणले. आपल्या बेटावर आलेले मराठी लोक कोण होते? रत्नागिरी जिल्ह्यातील कुळे, शेतमजूर, पोटासाठी मुंबईची वाट धरणारी माणसे. कोकणातून घाट चढून नाशिकला यायचे म्हणजे वाटखर्च हवा, सवड हवी आणि देवाच्या दारात उभे राहू देतील असा जन्मही हवा. ज्याच्यापाशी यांतले काही नव्हते, त्याचे नाव वहीत येणार कसे? वहीत नाव नाही म्हणून वंश नाही, असे थोडेच आहे! आजीचे वाक्यही आम्हांला निराळे ऐकू येऊ लागले. मळ्यावर ज्याचा मुकादम त्याला शिव्या देई आणि ज्याची ओळख एका क्रमांकाने होई, त्या माणसाने आपल्या मुलांना सांगितले असेल की आपण कोणीतरी आहोत, आपले नाव एका पवित्र जागी लिहिलेले आहे. ते खरे होते की नव्हते, कोणास ठाऊक. पण त्याच्या आधारावर चार पिढ्या ताठ उभ्या राहिल्या.

नवीन पान

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच वाड्यात गेलो. ताई म्हणाली, "गुरुजी, जुनं पान नको. आमचं नवीन लिहा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. कोरे पान काढून ते लिहू लागले. मुक्काम मॉरिशस. मूळ जिल्हा रत्नागिरी. गाव या शब्दापुढे त्यांनी बोटभर जागा मोकळी सोडली. म्हणाले, "सापडलं की पत्र टाका. मी नसलो तर मुलगा भरील." जात विचारल्यावर आम्ही म्हणालो, "आमच्याकडे आम्ही मराठी एवढंच सांगतो." ते क्षणभर थांबले आणि मग "मराठी" असेच लिहिले. खापरपणजोबांपासून नावे सुरू झाली, त्यांच्यापुढे मोक्याच्या नोंदीतील क्रमांकही लिहून घेतला. ताईने आग्रह धरला की आईचे आणि मुलीचेही नाव हवे. "लिहितो हल्ली," ते हसून म्हणाले.

सहीची वेळ आली तेव्हा आम्ही वही भाचीपुढे सरकवली. ही मुलगी घरात क्रिओल बोलते, मैत्रिणींशी फ्रेंच बोलते, आणि मराठीच्या तासाला येताना तोंड वाकडे करते. तिने देवनागरीत, सावकाश, एकही मात्रा न चुकता आपले पूर्ण नाव लिहिले. उपाध्यायांनी विचारले, "ताई, कुठं शिकलीस गं?" ती म्हणाली, "शाळेत. मॉरिशसला." वीस वर्षांच्या मास्तरकीत याहून मोठे बक्षीस आम्हांला मिळालेले नाही.

पाणी परत आले

परतण्यापूर्वी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. नाशिकपासून ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतलेले ज्योतिर्लिंगाचे मंदिर आणि जवळच कुशावर्त कुंड. पळणाऱ्या गंगेला गौतमांनी येथे कुशांनी अडवले, म्हणून हे नाव. तेथून आम्ही गंगाजलाचा एक लहान तांब्याचा गडू घेतला. पाण्याची भांडी विमानात हातात घेऊ देत नाहीत, म्हणून तोंड पक्के बंद करून तो मोठ्या पेटीत ठेवला.

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी महाशिवरात्र होती. आपल्या बेटावरील लाखो भाविकांप्रमाणे आम्हीही कांवर घेऊन गंगा तलावावर गेलो. १९७२ साली भारतातून आणलेले गंगेचे पाणी या तलावात मिसळले आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. गौतमांनी गंगा नाशिकला आणली, आपल्या वाडवडिलांनी ती येथे आणली. माणसे जेथे जातात तेथे आपली नदी घेऊन जातात. आम्ही गडूचे तोंड उघडून आईच्या नावाने ते पाणी तलावात सोडले.

वाचकहो, आमची एवढीच विनंती आहे. घरात वडीलधारे माणूस असेल तर या रविवारी त्याच्याजवळ बसा आणि आज्या-पणज्यांची नावे विचारा. बायकांची नावे आधी विचारा, कारण ती लवकर विसरली जातात. मोक्याला जाऊन आपली नोंद पाहा. नाशिकला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही, पण चार आण्यांची वही घरी ठेवणे सर्वांना जमते. आमच्या घरी भाचीने अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आमच्या पणजीच्या नावाची जागा अजून मोकळी आहे.

आणि कोणा वाचकाच्या घरी वेरळ किंवा वेरवली या गावाची काही आठवण, एखादे आडनाव, एखादे गाणे किंवा कुलदैवताचे नाव शिल्लक असेल, तर कृपा करून या पानाच्या संपादकांकडे कळवावे. नाशिकला पत्र टाकायचे राहिले आहे.